हिरवा की काळा

मार्करचं टोपण काढलं की त्या उग्र वासाबरोबर मला खांदा कॉलनीतला एक हॉल आठवतो. घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्यांचं संमेलन होतं. हौशी लोक होते, पोटापाण्यासाठी हेच काम करणारेही होते, आणि भिंतीभर वंशवृक्षांचे तक्ते लावले होते. हयात माणसांची नावं हिरवी, गेलेल्यांची काळी, अशी त्यांची पद्धत. मी आईला आमच्या नेरे गावाहून मुद्दाम घेऊन गेलो होतो. आमचा तक्ता करणाऱ्या बाईंनी माझं नाव हिरव्याने लिहिलं आणि माझ्या थोरल्या भावापाशी येऊन त्या थांबल्या. तो घर सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली होती, कसलाच पत्ता नव्हता. "मावशी, हिरवा घेऊ की काळा?" त्यांनी हळूच विचारलं. पंख्याच्या वाऱ्याने तक्त्याचा कोपरा फडफडत होता. आईने तो कोपरा हाताने दाबून धरला. मग म्हणाली, "मला नाय म्हाईत. पन माज्यासमोर काला नको." बाईंनी हिरव्याने लिहिलं. यंदा त्याच हॉलमध्ये नव्या तक्त्यावर मी आईचं नाव काळ्याने लिहिलं, आणि बाईंनी माझ्या नावाशेजारच्या, भावाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. आता समोर आई नव्हती.