राणीला आखूड पडलेलं बिट

आज सकाळी राणीच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त दिसलं आणि माझं सगळं बदललं.

राणी म्हणजे डोंगरीच्या तबेल्यातली घोडी. कॉलेज सोडल्यापासून मी तिलाच सांभाळतोय. बोलायला दुसरं आहेच कोण?

लगामाचं बिट, म्हणजे तोंडात बसते ती लोखंडी दांडी, मला बेव्हर्ली पार्क सोसायटीतून घोडेस्वारीला येणाऱ्या एका मुलीने कायमचं जाताना दिलेलं. ते घातलं की राणी मान झटकायची, मी तिच्यावरच खेकसायचो.

आज तबेलेवाल्या अंकलनी राणीच्या ओठाच्या कडेला, बिटापाशी बोट घालून बघितलं. "येड्या, अर्धं बोट पण जागा न्हाय. पोरीनं दिलं म्हणून घोडीला बसणार हाय काय?"

"मग माझ्याकडे तिचं उरलं काय?" मी ओरडलो.

"ते घोडीला काय ठाव?"

मी ते बिट काढलं. जुनं, रुंद बिट घातलं. राणी शांतपणे चघळत राहिली.

कोणाची आठवण जपताना तुम्ही असं दुसऱ्याला दुखवलंय का?

त्या मुलीचं बिट खुंटीला अडकवलं, बाहेर आलो आणि दार लावलं.