कॉरिडॉरची दोन टोकं

दवाखान्याच्या कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकाला मास्क लावलेली एक पोर बसली होती. खोकल्यावरूनच मी ओळखलं, हिलाही माझाच आजार आहे, सिस्टिक फायब्रोसिस, फुफ्फुसात चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार. नर्सनं माझ्याकडे बोट दाखवून तिच्या आईला काहीतरी सांगितलं. आई तिला घेऊन माझ्याकडे यायला उठली, तशी मी ओरडले, "तिथंच थांबा!"

सारखंच दुखणं असलेलं कुणी भेटलं की आपल्याकडे लोक सरकून जागा करतात. आम्हाला नेमकं तेवढंच करता येत नाही. माझ्या छातीतले जंतू त्या पोरीला झेपायचे नाहीत.

"ताई, आपल्या आजारावरचं ते नवं औषध लागू पडलं का तुम्हाला?" आईनं तिथूनच विचारलं.

"पडलं. पण जनुकात ठरावीक बिघाड असेल, तरच ते चालतं."

"तेच कळायचंय आज. रिपोर्ट आलाय हिचा." मग पोरीकडे बघत म्हणाली, "शिकलात किती?"

"बी.एस्सी. आमच्या घराण्यात पहिलीच मी." हे मी सगळ्यांना सांगते, न विचारतासुद्धा.

"ऐकलंस का गं? ताईंनी कॉलेज पुरं केलंय!"

पोर माझ्याकडे टक लावून बघत राहिली. नेमका तेव्हाच माझ्या छातीत खोकला दाटून आला. औषधानं तो कमी झालाय, गेलेला नाही. इतक्यात त्यांचं नाव पुकारलं. त्या दोघी आत जाऊन दार लागेपर्यंत मी तो तसाच दाबून धरला.