ताटलीजवळचा बार

मी मास्तर माणूस. आदिलाबादच्या या सरहद्दीवरच्या गावांत मराठी शाळेत पोरं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि खोटं कशाला बोलू, शिकवताना हातही उगारला. घाबरट पोराला धरून फळ्यासमोर उभं केलं की आठ दिवसांत त्याची भीती मोडते, अशी माझी पक्की समजूत होती. त्याच समजुतीनं मी एका कुत्र्याचं वाटोळं केलं. त्याला नाव होतं, पण ते मी आता घेत नाही.

गुडीहत्नूरच्या अलीकडे आमचं चार एकर रान आहे. निम्म्यात कापूस, निम्म्यात ज्वारी. ज्वारी दाण्यात आली की रानडुकरं आलीच म्हणून समजा. खातात मूठभर आणि तुडवतात एकरभर. पण आमचा कुत्रा होता तोवर माझ्या ज्वारीत शिरायची डुकराची टाप नव्हती. तांबडा, आखूड कानांचा, छातीला भरलेला. एकटा कळपावर जायचा. एकदा सुळ्यानं त्याची मांडी फाडली, बायकोनं हळद भरली, तर तिसऱ्या दिवशी लंगडत पुन्हा रानात हजर. सगळ्या शिवारात असा कुत्रा नव्हता, आणि हे मी ज्याला त्याला सांगत फिरायचो.

गेल्याच्या गेल्या जानेवारीत डुकरांनी फारच उच्छाद मांडला, तेव्हा पंचायतीनं रीतसर परवानगी काढली आणि बेल्लमपल्लीकडून परवान्याची बंदूक असलेला एक माणूस बोलावला. मग हाका झाला. एका बाजूनं माणसं डबे वाजवत ज्वारीत शिरतात, पुढे कुत्री, आणि पलीकडे नाल्याच्या काठावर बंदूकवाला. सगळ्यांनी आग्रह केला की गुरुजींचा कुत्रा पुढे घाला. मला तर मूठभर मांस चढलं. कुत्र्यानंही नाव राखलं. धिप्पाड डुक्कर त्यानं बरोबर नाल्याकडे काढलं. बंदूकवाल्यानं बार टाकला, डुक्कर पडलं, आणि माझा कुत्रा त्या डुकराकडे न बघता उलट्या पावली माझ्या पायांतून घराकडे पळाला. त्यानं बंदुकीचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला होता.

घरी आलो तर तो बाजेखाली अंग चोरून पडलेला, खाली मुताचं थारोळं. गावाला काय, आयतं हसायला मिळालं. गुरुजी, कुत्र्याचं नाव तुमच्याच शाळेत घाला, असं मला भर चौकात ऐकवलं गेलं. मी पण हसलो, पण आतून जळत होतो.

बंदूकवाला मात्र हसला नाही. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"सार, कुत्ता अच्छा है। खाते टाइम दूरसे आवाज करना। रोज थोडा पास। एक महिना लगता। जल्दी नक्को करना।"

पुढचा हाका दहा दिवसांवर ठरला होता. महिना कुठून आणणार? आणि कुत्र्याला काय समजतं महिना आणि दहा दिवस, असं माझं म्हणणं.

माकडं हाकलायला आमच्याकडे पाइपची बंदूक असते. प्लास्टिकचा नळ, त्यात कार्बाइडचा खडा, वरून पाण्याचे दोन थेंब, आणि मागे गॅस पेटवायचा लायटर. खटका दाबला की असा दणका होतो की कानठळ्या बसतात, आणि सडक्या लसणासारखा वास हाताला बराच वेळ राहतो. मी तीच घेतली. पहिले काही दिवस मी शहाण्यासारखा वागलो. बायकोनं अंगणात ताटली ठेवायची आणि मी पार त्या टोकाच्या रानात जाऊन बार काढायचा. कुत्रा मान वर करायचा, कान पाडायचा, मग परत खायला लागायचा. पाचव्या दिवशी गोठ्यामागून बार काढला तर तो ताटली सोडून दोन पावलं मागे सरला, पण आला परत. मला वाटलं, जमलं.

हाक्याला दोन दिवस राहिले, तसा माझा धीर सुटला. त्या दिवशी घरी मटण होतं. मी भाकरी कुस्करून तिच्यावर रस्सा आणि हाडं घातली, कुत्र्याला अंगणातल्या खुंट्याला आखूड बांधलं आणि ताटलीपासून हातभर अंतरावर उभा राहिलो. बायको दारातूनच म्हणाली की अजून चार दिस थांबलं तर काही बिघडत नाही. मी तिला म्हणालो, तू भाकरी बघ. कुत्र्यानं हाडाला तोंड लावलं आणि मी खटका दाबला.

तो भुंकला नाही, किंचाळला. दोर ताणून उलटापालटा झाला, जीभ बाहेर आली, रस्सा अंगणभर सांडला. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण शाळेत मी कधी अर्ध्यावर धडा सोडला नव्हता. नळात दुसरा खडा टाकला आणि पुन्हा बार काढला. या खेपेला तो हलला नाही. जमिनीला पोट लावून, डोळे मिटून पडून राहिला. मी बायकोला म्हणालो, बघ, बसला की नाही शांत. हे शब्द माझेच आहेत, मला आठवतात, आणि आठवले की माझी मलाच किळस येते.

त्यानंतर त्यानं ताटलीला तोंड लावलं नाही. हाका आमच्याशिवाय झाला. तीन दिवस मी रजा टाकून त्याच्यापाशी बसलो, पोट पाठीला गेलं तरी तो खाईना. चौथ्या दिवशी शाळेतून आलो तर बायकोनं उंबऱ्यातच सांगितलं.

"तुमी शाळेत गेले का खाल्लं त्यानं. तुमी घरी असले का तोंड नाई लावत."

मला खरं वाटेना. मी पाइप जाळला, उरलेलं कार्बाइड पुरलं, हात साबणानं घासले, जुने कपडे टाकून दिले. ताटली बदलली, जागा बदलली. हातावर भाकरी धरून तास तास बसलो. त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, लाळ गळायची, आणि पाय लटलट कापायचे, पण भाकरी घ्यायचा नाही. बरं, माझ्यावर रुसला होता म्हणावं तर तेही नाही. मी आलो की शेपूट हलवायचा, संध्याकाळी माझ्या चपलेजवळ येऊन बसायचा. प्रेम तसंच होतं. फक्त मी आणि खाणं एका जागी आलं की त्याला दणका आठवायचा. चावला असता तर मला बरं वाटलं असतं.

शाळेच्या दिवशी निभायचं. रविवारी सकाळी मी रानात निघून जायचो. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पंचाईत झाली. मग मी रोज सकाळी बायकोला भाकर घालायला सांगून ऑटोनं गुडीहत्नूरला जाऊन थांब्यावर बसायला लागलो. ओळखीची माणसं विचारायची, गुरुजी, कुठं निघाले? मी म्हणायचो, आदिलाबादला. आदिलाबादची गाडी यायची, जायची, मी तिथंच. एकदा चहावाल्यानं विचारलं की रोज आदिलाबादला काय काम असतं, तेव्हा मी उगाच त्याच्यावर खेकसलो. काय सांगणार? कुत्र्याला जेवू द्यावं म्हणून मी घर सोडून बसलोय, असं?

मेच्या शेवटी त्याला ताप भरला. गोचीड ताप आहे, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. सलाइन लावलं, सुया दिल्या. जाताना म्हणाले, औषध करेल ते करेल, पण पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर हातचा जाईल. त्या दिवशी ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता. ओसरीवर ओलं पोतं टाकून त्याला निजवलं होतं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. सकाळपासून त्याला सोडून उठायला माझं मनच होत नव्हतं.

बायकोनं वाडगं त्याच्या तोंडापाशी नेलं. त्यानं पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मान तशीच धरून ठेवली. तिनं बोटानं त्याचे ओठ ओले केले, तरी जीभ बाहेर काढेना. दोनदा, तीनदा असं झालं. मला कळत होतं, पण मी उठत नव्हतो. शेवटच्या घटकेला तरी त्यानं माझ्यासमोर पाणी प्यावं, एवढंच मला पाहिजे होतं. तेवढा मी हट्टी आहे.

"उठा ना आता," बायको म्हणाली. "जीव चालला त्याचा. बाहीर जा तुमी."

मी उठलो. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि रस्त्यावर भिंतीला पाठ लावून उन्हात उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून आवाज आला. लप लप, लप लप. बराच वेळ पीत होता बिचारा. किती तहान लागली असेल त्याला. मी तिथं उभा राहून रडलो, जाणारे-येणारे बघत होते तरी रडलो.

मग आवाज थांबला. मी आत गेलो नाही. अजून पिईल, म्हणून दम धरून उभा राहिलो. पाय भाजत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग दार उघडलं आणि बायको उंबऱ्यात आली. रिकामं वाडगं तिच्या हातात होतं.

"या आता घरात," ती म्हणाली. "गेला तो. आता चालते."