बागेच्या दारातला काळा पट्टा

उजेडबाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी माणसांकडे बघत नसत, छताकडे बघत. हे नाव आम्ही वायरमन लोकांनी त्यांना पाठीमागे ठेवलं होतं. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत दिवे कुठे नि कसे लावायचे, हे ठरवणं हा त्यांचा धंदा. मी त्यांच्या हाताखाली शिडीवर चढलो आणि शिडीवरच म्हातारा झालो, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायचा हक्क मला आहे. गोड बोलेन अशी आशा मात्र धरू नका.

कामात बाई अस्सल. प्रत्येक खाटेवर स्वतः उताण्या पडून बघायच्या, दिवा डोळ्यांत खुपतो का. खुपला की लावलेला दिवा उतरवायला लावायच्या, मग कंत्राटदार कितीही आदळआपट करो. "तुम्ही उभ्याने दिवे लावता, पेशंट झोपून सोसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेशंटचे ओठ निळे पडले तर नर्सला त्या उजेडात चटकन दिसले पाहिजेत, संडासाच्या वाटेवर पायाशी मंद दिवा पाहिजे, असं त्यांचं एकेक. म्हाताऱ्यांच्या खोल्यांत तर त्या सावल्यांच्या हात धुऊन मागे लागायच्या. जमिनीवरचा काळा पट्टा म्हाताऱ्या डोळ्यांना खड्डा वाटतो, त्यातून डोकं विसराळू झालं असेल तर माणूस तिथून पाऊलच उचलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. इतकं कळणाऱ्या बाईने पुढे काय केलं, ते सांगायलाच बसलोय.

त्यांचे वडील घड्याळजी. जिन्याखालच्या खोपटात, एका दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून त्यांनी जन्म काढला. म्हातारपणी निवांत उन्हात बसायचं, एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती. पण म्हातारपण आलं आणि ते विसरायला लागले. बायकोचं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, उन्हाची हौस तेवढी शाबूत राहिली. बाईंनी त्यांना एका नव्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथले दिवे आमचेच होते आणि मागे ऐसपैस बाग होती. लेकीने बापाला घराबाहेर काढलं, असं नातेवाईक म्हणाले. नातेवाईकांच्या तोंडाला कोण लागणार. मला तर तेव्हा बाईंचं कौतुकच वाटलं होतं.

बागेच्या दाराआधी छताला एक जाड तुळई होती. आमचा दिवा तिच्या अलीकडे बसला, म्हणून पलीकडे दाराला लागून काळीकुट्ट सावली पडायची. तपासणीला आम्ही गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि उन्हाने सगळं झाकून टाकलं. दार लोटून बघायचं आम्हाला सुचलंच नाही. पुढे बाई वडिलांना भेटायला गेल्या, तेव्हा त्यांनी पाहिलं. एकेक म्हातारा बागेकडे जायला निघायचा, पट्ट्यापाशी थबकायचा, बोटांनी जमीन चाचपायचा आणि मुकाट मागे वळायचा. त्यांत त्यांचे वडीलही होते. राहायला आल्यापासून ते एकदाही बागेत गेले नव्हते.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मला लगेच बोलावून घेतलं. तुळईच्या पलीकडे एक दिवा लावला की काम फत्ते. मी शिडी लावून चढलोही, तेवढ्यात वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक आले.

"उतरा खाली. मॅडम, हे असंच राहू दे."

"अहो, ही चूक झालीय आमची."

"चूक कसली, सोय झालीय. दाराला कुलूप लावायची परवानगी नाही आम्हाला. बागेत लक्ष ठेवायला माणसं लागायची, ती आता काढता येतील. आमचे आणखी आश्रम होतायत. सगळ्यांचे दिवे तुम्हीच करा, फक्त प्रत्येक दाराशी हे असं पाहिजे."

बाईंनी मान वर करून तुळईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ह्याला फाडून खातील.

"उतर रे," त्या मला म्हणाल्या.

"मॅडम, तुमचे वडील..."

"त्यांना मी हाताला धरून नेत जाईन. उतर."

त्यांनी एकदाही नेलं नाही. नव्या आश्रमांच्या नकाशांतून त्यांना सवड कुठली? थोड्याच दिवसांत त्या आश्रमांचे मालक पट्टा बघायला आले. व्यवस्थापकांना चांगलाच चेव चढला होता. समोर पट्ट्यावर घरचं माणूस उभं असलं तरी इथून कोणी हलत नाही, असं त्यांनी पाहुण्यांना छातीठोकपणे सांगितलं आणि घड्याळजींना आणवलं. बाई दार ओढून घेऊन पट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

घड्याळजी कडेला थांबले. त्यांनी लेकीच्या पायांकडे पाहिलं आणि घाबरून हात पुढे केला. "अगं, पडलीस की. हात दे. बाळ, हात दे मला."

"मी बरी आहे बाबा. तिथेच थांबा."

म्हातारा गुडघ्यांवर बसला, रडत रडत जमीन चाचपू लागला. पाहुणे समाधानाने माना डोलावत होते. मला किळस आली त्यांची. मग घड्याळजी भिंतीला धरून उठले, डोळे गच्च मिटले आणि लेकीसाठी त्यांनी त्या खड्ड्यात पाय टाकला. एका ढांगेत पलीकडे. बाईंना कवटाळून ते दारावर आदळले, दार उघडलं, दोघं उन्हात.

"आला की हो म्हातारा," एक मालक म्हणाला.

"पट्टा रुंद करावा लागेल मॅडम," व्यवस्थापक म्हणाले.

"करू," बाई म्हणाल्या.

घड्याळजींना बाकावर बसवलं होतं. तोंड उन्हाकडे करून, लेकीचा हात घट्ट धरून ते बसले होते. बाईंनी हात सोडवून घेतला, पर्समधून टेप काढला आणि एक टोक माझ्याकडे दिलं.

"बाबा, उठा जरा. एक ढांग टाका बघू."

"पँटचं माप घेतेस?"

"हो बाबा."

"मागची आखूड झाली होती," घड्याळजी म्हणाले, आणि ही तरी नीट व्हावी म्हणून त्यांनी पाय पुरेल तेवढा लांब टाकला.