भिकुबाईची पायपेटी

भिकुबाई कौतिक हिचा जन्म धुळ्याकडच्या एका लहान गावी झाला. साल कोणी टिपून ठेवले नाही. लग्नानंतर पतीसह ती जळगावला आली आणि रेल्वेच्या रुळांपलीकडील एका जिनिंग कारखान्यात कामाला लागली. त्या कारखान्यामागच्या वस्तीत आमची घरे समोरासमोर होती. तिच्याविषयी जे मी डोळ्यांनी पाहिले, तेवढेच येथे लिहीत आहे.

जिनमध्ये बायका रेच्यावर कापूस घालीत. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारे यंत्र. त्याची धूळ नाकातोंडात जाई, केसांत बसे, आणि घरी आल्यावरही भाकरीच्या पिठावर दिसे. भिकुबाई सकाळी पहिल्या भोंग्याला जात असे आणि दिवेलागणीला परत येत असे. तिला मूलबाळ नव्हते. तिच्या चालण्यावरून हंगाम कितपत सरला आहे हे मला कळत असे. कार्तिकात ती ताठ चाले. फाल्गुन लागला की भिंतीला हात लावून उंबरा चढे.

तिचे पती कौतिकभाऊ त्याच कारखान्यात रुईच्या गाठी बांधण्याच्या दाबयंत्रावर होते आणि आमच्या मारुतीच्या देवळातील भजनी मंडळात पेटी वाजवीत. त्यांनी कोणाकडेही शिक्षण घेतलेले नव्हते, तरीही त्यांचा हात गोड होता. आजूबाजूच्या खेड्यांतूनही त्यांना बोलावणे येई. सन १९३३ च्या हंगामात त्या यंत्राच्या पट्ट्यात त्यांचा डावा खांदा सापडला. जीव वाचला, पण तो हात नंतर छातीच्या वर उठला नाही आणि त्यात जोरही राहिला नाही. कारखान्याने त्यांना फाटकावर बसविले.

हातपेटीला एका हाताने सूर धरावे लागतात व दुसऱ्या हाताने मागचा भाता ओढावा लागतो. भाता थांबला की वारा थांबतो आणि पेटी मुकी होते. तेव्हापासून भिकुबाई पेटीच्या पलीकडे बसून भाता ओढू लागली. शनिवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर आम्ही सर्व पुरुष बसलेले असू आणि मध्यभागी ती एकटी बाई, पदर नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून भाता ओढीत असे. बाकीच्या बाया ओट्याखाली जमिनीवर बसत. कित्येकदा अभंगाच्या मध्येच तिचा डोळा लागे आणि पेटीचा आवाज खाली खाली जाऊन बंद पडे.

आमच्या मंडळाचे प्रमुख तोताराम आबा एकदा म्हणाले, "भिकुबाई झोपनी का पेटी बी झोपस."

सगळे हसले. तिने पदराआडूनच उत्तर दिले, "आबा, तुम्ही एक दिन रेचावर उभा ऱ्हा. मंग देखूत कोन जागस."

असे वर्षभर चालले. मग त्या जुन्या पेटीचा भाता कुजला. ठिगळावर ठिगळ लावूनही वारा धरीना. तेव्हा नवरा-बायकोने दुसरी पेटी घेण्याचे ठरविले. पैसे दोघांच्या मजुरीतून बाजूला टाकलेले होते व ते थोडेच होते. मला ओझे उचलण्यासाठी सोबत नेले. जिन बंद असण्याच्या दिवशी आम्ही बाजारपेठेत गिरधर मिस्त्रींच्या दुकानी गेलो. ते पेट्या दुरुस्त करीत व विकीतही.

मिस्त्रींनी आधी पैशांचा अंदाज घेतला आणि मगच पेट्या दाखविल्या. दुहेरी सुरांची, कोरीव लाकडाची पेटी त्यांनी झाकून ठेवली व म्हणाले, "ती पाहून जीव जळवू नका." मग त्यांनी एकेरी सुरांची एक हातपेटी पुढे सरकविली. कौतिकभाऊंनी मला भाता ओढावयास सांगितले आणि पट्ट्यांवरून बोटे फिरविली. आवाज लहान होता परंतु स्वच्छ होता.

"हीच घ्या," मिस्त्री म्हणाले. "हलकी आहे, तुमच्या पैशांत बसते. भाता भाभी ओढतीलच. आजवर ओढलाच ना?"

कौतिकभाऊंचा चेहरा उजळला होता. "हाईच लेऊत," ते म्हणाले.

भिकुबाई दाराशी उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "लेवा. पन भाता कोन वढी?"

"तू शेच ना."

"मी नही."

"म्हंजे?"

"म्हंजे मी थकी गऊ. सकायपाईन रेचा, सांजले चुल्हा, आन् मंग तुम्हना भाता. आते मनाकडथून नही व्हवाव."

तिचा आवाज चढला नाही. कौतिकभाऊ म्हणाले, "आठवडाले एक दिन तं शे."

"त्या एक दिनना थकवा माले आठ दिन पुरस."

हातपेटी घेतली तर ती ओढणार नव्हती. घेतली नाही तर कौतिकभाऊंचे वाजविणे संपत होते. एवढ्यात भिकुबाईने कोपऱ्याकडे बोट केले. तेथे गोणपाटाखाली काही उंच वस्तू उभी होती. "ते काय शे?" तिने विचारले.

मिस्त्रींनी नाराजीने गोणपाट काढला. ती पायपेटी होती. बोलपट आल्यामुळे मोडलेल्या एका नाटक कंपनीने ती तेथे विकली होती. टेबलाएवढी उंच, खाली दोन पावट्या. वाजविणाऱ्याने स्टुलावर बसायचे, पायांनी पावट्या दाबून वारा भरायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. लाकडाला चरे पडले होते व वरच्या बाजूचे दोन सूर मुके होते.

"ही भजनाची नव्हे," मिस्त्री म्हणाले. "उचलायला चार माणसे लागतात. म्हणून तर पडून आहे."

"पाय तं यास्ना धड शेतस," भिकुबाई म्हणाली.

कौतिकभाऊ नाखुशीने स्टुलावर बसले. प्रथम पाय एकमेकांत अडखळले आणि पेटीने नुसते धापा टाकल्यासारखे केले. मग शिवणयंत्र चालवितात तशी पावट्यांना लय आली आणि असा भरदार सूर निघाला की रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. तरीही ते उठले व म्हणाले, "ही लिसन मी गावेगाव कसा जासू?"

"आजलोंग पेटी कोना डोकावर जाये?" भिकुबाईने विचारले.

खेड्यांच्या वाटेवर पेटी नेहमी तिच्याच डोक्यावर असे. अखेर जुनी पेटी मोडीत देऊन हातपेटीच्याच किमतीत ती पायपेटी मिळाली. बैलगाडीचे भाडे मात्र अंगावर पडले.

खरी अडचण देवळात उभी राहिली. भजनाला लहानथोर सर्वांनी जमिनीवर बसावे, देवासमोर उंच आसन घेऊ नये, देवाकडे पाय करू नयेत, अशी आमची रीत. कौतिकभाऊ तर स्टुलावर बसून दोन्ही पाय हलविणार. तोताराम आबा पायपेटीभोवती एक फेरी मारून आले.

"देवना म्होरे खुर्ची?" ते म्हणाले. "उद्या म्हनशी, पलंग टाकी द्या."

मी सुचविले, "आबा, पेटीना पाय कापी टाकूत."

"मंग यानी सोताना पाय ठेवाना कठे, तुन्या डोकावर?"

भिकुबाई तेव्हाच कामावरून आली होती. केसांत रुई तशीच होती. ती म्हणाली, "ओटाखाले ठेवा. आम्ही बाया बसतस तठे."

ओटा कमरेएवढा होता. खाली जमिनीवर स्टूल ठेवले तर बसणाऱ्याची बैठक वरच्या भजनकऱ्यांहून खालीच राहणार होती आणि पाय ओट्याआड जाणार होते. रीत मोडत नव्हती. परंतु कोणीतरी म्हणाले, "कौतिकभाऊ आते बायास्मा बसी," आणि हशा पिकला.

तानुबाई म्हणून एक वयस्कर बाई होती. ती म्हणाली, "बसू द्या. आम्ही काय त्यास्ले खाई टाकसूत?"

कौतिकभाऊ घरी निघून गेले. त्या शनिवारी भजन पेटीवाचून झाले. दुसऱ्या शनिवारीही ते अंगणातच बसून होते. मी बोलावण्यास गेलो तेव्हा ते म्हणत होते, "मी काय बाई शे?"

भिकुबाई भाकरी थापीत होती. तिने मान वर केली नाही. "मी वरीसभर मानसास्मा बसनू," ती म्हणाली. "माले कोनी इचारं?"

कौतिकभाऊंनी टोपी घातली आणि माझ्याबरोबर निघाले. पायपेटी आम्ही चौघांनी आधीच ओट्याखाली नेऊन ठेवली होती. बायांनी सरकून जागा दिली. पहिल्या अभंगाला त्यांचे पाय चुकले, दुसऱ्यालाही चुकले. तिसऱ्यापासून सूर ओट्यावर चढला व आमचे टाळ त्यात मिसळले. वरचे दोन सूर आले की तेथे पोकळी पडे आणि ती आम्ही गळ्याने भरून काढीत असू. पुढे खेड्यांची बोलावणी बंद झाली. पावसाळ्यात पेटी घरातच राही. तो तोटा त्यांनी सोसला.

त्या पहिल्या संध्याकाळी भजन आटोपल्यावर मी त्यांना पोचविण्यास गेलो. घराचे दार नुसते लोटलेले होते. चुलीशेजारी ताट झाकून ठेवले होते. आमच्या पावलांनी भिकुबाई जागी झाली व उठून बसली. अंगावरचे कामाचे लुगडेही तिने बदललेले नव्हते.

"आज सूर चांगला लागना," कौतिकभाऊ म्हणाले. "आयकू उना का आठलोंग?"

"नही," ती म्हणाली. "मी झोपेल व्हतू."

कौतिकभाऊंनी ताट स्वतःच ओढून घेतले. ती पुन्हा आडवी झाली.