पद्मावती सिस्टर आणि ग्लुकोजची बाटली

९ जून २०२१ रोजी नामदेवरावांनी नामपल्लीच्या एका औषधविक्रेत्याकडे एक्केचाळीस हजार तीनशे दहा रुपये भरून इंजेक्शनच्या सहा कुप्या घेतल्या. थोरले भाऊ लक्ष्मणराव यांना कोरोनानंतर काळी बुरशी झाली होती आणि ती गालाकडून डोळ्याकडे सरकत होती. सहा कुप्या म्हणजे एका दिवसाचा डोस. उद्याच्या मिळतील की नाही, हे विक्रेताही सांगेना.

लक्ष्मणराव दाखल होते त्या जामबागेतल्या नर्सिंग होममध्ये हे औषध देण्याचे काम पद्मावतीकडे असे. तिचे घराणे मूळचे भालकीकडचे, शेतकरी. वडील अफझलगंजला धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. तिची नोकरी एकवीस वर्षांची. कोणतीही बाटली टांगण्यापूर्वी लेबल बोट ठेवून वाचायचे, ही तिची सवय. बरोबरीच्या पोरी हसत, "अक्का पोथीला बसली."

त्या दुपारीही तिने वाचले. चिठ्ठीत ग्लुकोज लिहिले होते. बाटली सलाइनची होती.

"ही कुणी आणली?"

"मीच बदलून घेतली," नामदेवराव म्हणाले. "अण्णांची शुगर तीनशे ऐंशी. शुगरमुळेच हे झालं म्हणता, आणि वर शक्करचं पाणी चढवता? हौला, खुळा समजलात का मला?"

गेला महिनाभर त्यांनी भावाच्या चहात साखरेचा कण पडू दिला नव्हता.

"हे औषध चरबीच्या गोळ्यांत बंद असतं," पद्मावती म्हणाली. "एकेक गोळा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. म्हणून किडनीला झळ कमी बसते. मिठाच्या पाण्यात त्याचा साका होतो, मग सगळं वाया."

"हे कंपनीवाले सांगतात. तुम्ही पाहिलंय?"

शेजारच्या खाटेवरची माणसेही कान देऊन होती. पद्मावतीने कुप्यांचा ट्रे बाजूला ठेवला.

"पाहिलंय. सात वर्षांपूर्वी माझ्याच हातून झालं. नळीत सलाइन होतं, ती न धुता मी हे औषध सोडलं. नळीत पिवळा साका धरला. अख्खा डोस फेकला. घरच्यांना सांगितलं, औषधच खराब निघालं."

नामदेवराव म्हणाले, "त्या पेशंटला दुसरा मिळाला?"

"मिळाला. तेव्हा मिळत होता."

"आणि शुगरचं काय?"

"तीनशे मिलीत पंधरा ग्रॅम. म्हणजे तीन चमचे साखर, तीही दोन तासांत. त्यासाठीचं इन्सुलिन डॉक्टरांनी आधीच लिहिलंय."

"तीनच चमचे? तेवढी तर मी एका चहात घालतो."

"म्हणून तुमचीही तपासून घ्या," ती म्हणाली. नामदेवराव पहिल्यांदा हसले. पण ग्लुकोजच्या बाटलीसाठी त्यांच्या खिशात सुटे नव्हते, आणि उद्याच्या कुप्यांसाठी चार वाजता रांगेत उभे राहायचे होते. ते तसेच निघाले.

पद्मावतीने पदरच्या पैशाने खालच्या मेडिकलमधून ग्लुकोज आणले, नळी ग्लुकोजने धुतली, कुप्यांतली पूड पाण्यात विरघळवून, गाळून ग्लुकोजमध्ये मिसळली. दोन तास औषध गेले. नळी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली.

शेजारच्या खाटेवर ऐकलेले मेट्रनपर्यंत गेले. सात वर्षांपूर्वीच्या चुकीचे लेखी स्पष्टीकरण पद्मावतीला द्यावे लागले. तिने ते एका पानात दिले. लक्ष्मणरावांना आणखी तेवीस दिवस औषध चालले. टाळूचा तुकडा काढावा लागला, डोळा वाचला.

ग्लुकोजच्या त्या बाटलीचे बेचाळीस रुपये पद्मावतीला नामदेवरावांकडून अजून यायचे आहेत.