गवतातला भारद्वाज

रविवारी सकाळी आम्ही दोघं तळ्याच्या वाटेने फिरायला जातो. यांच्या गळ्यात लेकीने दिलेली दुर्बीण असते. आज बांधावरच्या बाभळीत भारद्वाज बसला होता. तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, म्हणून मी हळूच यांचा हात दाबला. यांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "दिसला. झकास आहे." पण दुर्बीण शेजारच्या कडुलिंबाकडे होती.

घरी सिनेमा बघतानाही हल्ली यांची खुर्ची टीव्हीच्या जवळ जवळ सरकते. विचारलं तर म्हणतात, "आवाज नीट येत नाही." माझी शाळा चौथीत सुटली. पक्ष्यांची नावं मला यांनीच पुस्तकात बोट ठेवून शिकवली. आता आपल्याला दिसत नाही हे बायकोला सांगायची यांना लाज वाटत असेल. मला चार माणसांत तोंड उघडायची वाटते, तशीच. लाजेला बाहेरून हात लावू नये, ती आणखी मिटते.

तरी मी धीर केला. "अहो, खाली उतरला तो. गवतात चालतोय. चोचीत सरडा धरलाय वाटतं."

यांनी दुर्बीण खाली घेतली. मग विचारलं, "डोळे कसे आहेत गं त्याचे?"

"लाल. गुंजेसारखे."

"सांग अजून."

भारद्वाज तेवढ्यात उडून गेला होता. मी त्याला आणखी थोडा वेळ गवतात चालवत राहिले.